साडेपाचची पत्रिका

दरेकसा,
ता. १५ नोव्हेंबर १९४२

तीर्थरूप भाऊंस, शामकलेचा सा. न. वि. वि.

तुमचे दिवाळीचे पत्र पोचले. सुट्टी मिळाली नाही म्हणून कामठ्याला येता आले नाही. दवाखान्यात नर्स मी एकटीच आहे. डॉक्टर आठवड्यातून एकदा गोंदियाहून येतात, बाकीचे दिवस सगळे माझ्यावर असते. मायला हे पुन्हा एकदा समजावून सांगावे. मी रुसलेली नाही.

एक गोष्ट ठरवली आहे, ती कळवते. येत्या मार्चमध्ये मी बाहेरून मॅट्रिकला बसणार आहे. मॅट्रिक झाले तर जुलैत नागपूरच्या मेडिकल स्कूलसाठी अर्ज करता येईल. तिथे बायकांसाठी एक शिष्यवृत्ती आहे, तिला वयाची अट पंचविशीच्या आत. पुढच्या कार्तिकात मला पंचवीस पूर्ण होतात. म्हणजे हाच मार्च. तेराव्या वर्षी मी विधवा होऊन घरी आले, तेव्हा मायचा विरोध सोसून तुम्ही मला शाळेत घातले आणि पुढे नागपूरला नर्सिंगला पाठवले. म्हणून हे सगळ्यांत आधी तुम्हाला सांगते. केंद्र गोंदिया मागितले आहे.

दिवसाचे वेळापत्रक केले आहे, त्याची नक्कल सोबत आहे. दवाखाना उघडण्यापूर्वी बीजगणित, दुपारी इंग्रजी, दिवे लागल्यावर इतिहास. खरे सांगायचे तर ते दोन आठवड्यांत चार दिवस पाळले गेले. बायका माझे वेळापत्रक वाचून बाळंत होत नाहीत. म्हणून आता दुसरी पद्धत धरली आहे. पहिलटकरणीकडे बोलावणे आले तर भूमितीचे पुस्तक बरोबर नेते, कारण तिथे बराच वेळ नुसते थांबावे लागते. चौथ्या-पाचव्या खेपेची बाई असली तर काहीच नेत नाही. हत्यारे उकळेपर्यंत इंग्रजी शब्द पाठ होतात.

पूर्वी गाड्यांवरून वेळ कळत असे. हल्ली लढाईच्या गाड्या केव्हाही बोगद्यातून येतात आणि केव्हाही जातात. शिवाय सप्टेंबरपासून सरकारने घड्याळे एक तास पुढे केली आहेत. स्टेशन आणि दवाखाना नव्या वेळेने चालतात, गाव जुन्या वेळेने. जुन्या वेळेचे सात म्हणजे नव्या वेळेचे आठ. मला दोन्ही डोक्यात ठेवावे लागते. परीक्षा अर्थात नव्या वेळेने आहे.

मायला नमस्कार, वहिनींना नमस्कार. लोभ आहे तेवढाच ठेवावा. वाढवायला तुम्हाला सवड होणार नाही, हे माहीत आहे.

तुमची,
शामकला


कामठा,
ता. २ डिसेंबर १९४२

चि. शामकला हिस, केवलरामचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून फार आनंद झाला. चार वेळा वाचले. तू ठरवलेस म्हणजे निम्मे झाले, असे मी वर्गात मुलांना सांगतो. माझे ठरवलेले पूर्ण का होत नाही, असे मात्र अजून कुणा मुलाने विचारलेले नाही. यंदा पाडव्याला मी तीन गोष्टी ठरवल्या होत्या: तंबाखू सोडणे, शाळेच्या नोंदी रोजच्या रोज पुऱ्या करणे आणि हार्मोनियम शिकणे. त्यांपैकी हार्मोनियम अजून सुटलेले नाही, कारण ते घेतलेलेच नाही.

तुझे वेळापत्रक घरातल्या सगळ्यांच्या नजरेस राहावे म्हणून भाताच्या खळीने गोठ्याच्या दाराशी चिकटवले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो खळीच्या वासाने वासराने ते चाटून टाकले. आता घरात वेळेवर उठणारे ते एकटेच आहे. दुसरी नक्कल पाठव, या वेळी उंच लावतो.

आता मुख्य बातमी. तुझ्या वहिनीला दिवस गेले आहेत. लग्नाला सात वर्षे झाली, तुला सगळे ठाऊकच आहे. दोनदा जे झाले त्यामुळे कुंता बोलत नाही, पण रोज एकदा तरी विचारते की ताई केव्हा येणार. माय म्हणते, बाळंतपण होळीच्या आधी. तू असलीस तर मला घोर नाही.

मायचा मजकूर ती सांगते तसाच लिहितो. शामे, तू काऊन एवढा जीव जाळून राहिली वं? दिवस तर तेवढाच राहते, त्याचे कितीबी तुकडे कर. भाजी चिरल्यानं वाढते काय? दोन टाइम पोटभर जेव. डोक्याले तेल लाव. डाक्टरीन होशील तवा होशील, पन कुंता तुह्या भरोशावर हाये, हे ध्यानात ठेव.

एवढे सांगून ती उठली आणि दारातून परत येऊन म्हणाली, की डाक्टरीन झाल्यावर तिचे गुडघे फुकट पाहिले पाहिजेत, हेही लिही. लिहिले.

आमच्या लोभाला वेळापत्रक नाही, तो आहेच.

तुझा भाऊ,
केवलराम


दरेकसा,
ता. १७ जानेवारी १९४३

तीर्थरूप भाऊंस, सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. हिवतापाचे दिवस आहेत. मलाही तापाची एक पाळी येऊन गेली, आता बरी आहे.

बातमी वाचून बरे वाटले. वहिनींना मी वेगळ्या चिठ्ठीत काही प्रश्न विचारले होते, त्यांनी शेजारच्या पुष्पाबाईंकडून उत्तरे लिहवून पाठवली. ते तुम्ही विचारू नये. हिशेबाने बाळंतपण मार्चच्या अखेरीस येते. परीक्षा दहा तारखेला सुरू होऊन त्याआधी संपते. दोन्ही जमेल. मायचा होळीचा अंदाज कशावरून आहे ते कळले नाही.

तुम्ही विचारले नाही, तरी अभ्यासाचे लिहिते. भूमिती पूर्ण झाली, पण त्यात एक अडचण उभी राहिली. टेकडीवरच्या टोल्यात, त्या चार घरांच्या वस्तीत, एका पहिलटकरणीकडे बसले असताना मी अंगणात काडीने वर्तुळ काढून त्यात चौकोन बसवत होते. ती सुखरूप सुटली, मुलगा झाला. तिच्या सासूने ते वर्तुळ पाहून ठेवले होते. आता त्या बाजूच्या गावांत मी अंगणात वर्तुळ आणि त्यात चौकोन काढल्याशिवाय मला आत घेत नाहीत. मी समजावले, की हे परीक्षेचे आहे. त्या म्हणाल्या, बाळंतपणही परीक्षाच आहे. मग मी वाद सोडला. काढते. सरावही होतो.

इंग्रजी कच्चे आहे. पहिला पेपर इंग्रजीचाच. एक पेपर चुकला की सगळी परीक्षा गेली, असा नियम आहे.

मी थकले आहे. ही तक्रार नाही, मधल्या कार्डात तुम्ही प्रकृतीविषयी विचारले होते म्हणून लिहिते. पुस्तक उघडले की ओळी दिसतात, अर्थ नंतर येतो. परवा पाण्याचा उकळता डबा उघड्या हाताने उचलला. फार भाजले नाही. लिहायच्या हाताला काही झालेले नाही.

परीक्षेच्या काळात गोंदियात तुमचे स्नेही चुन्नीलाल मास्तर यांच्याकडे राहावे, असे तुम्ही त्याच कार्डात सुचवले होते. मी विचार केला. त्यापेक्षा दोन दिवस आधी कामठ्याला येते. वहिनींना तपासता येईल आणि झोपही होईल. पेपर सकाळी अकरा वाजता आहे. गाडीवाल्या खुशालच्या बैलदमणीने तीन तास धरले तर घरून पावणेआठला निघावे लागेल. तेव्हा एकच मागणी आहे. ओसरीवरचे घड्याळ मी येण्यापूर्वी नव्या वेळेवर करून ठेवावे. झोपेतून उठून तास मिळवणे किंवा वजा करणे मला सध्या भरवशाचे वाटत नाही.

लोभ असावा आणि घड्याळ पुढे असावे, ही विनंती.

तुमची,
शामकला


कामठा,
ता. २४ फेब्रुवारी १९४३

चि. शामकला हिस, अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी सगळी व्यवस्था झाली. खुशालला सांगून ठेवले आहे. त्याने त्या दिवसासाठी बैल राखून ठेवले आहेत आणि सांगितले, की ताईंची परीक्षा म्हणजे माझ्या बैलांचीही परीक्षा. परीक्षेच्या नंबराची चिठ्ठी आणायला मी आदल्या दुपारीच गोंदियाला जाईन, चुन्नीलालकडे मुक्काम करीन आणि सकाळी शाळेच्या फाटकाशी तुझी वाट पाहत उभा राहीन. तू फक्त येऊन लिहायचे.

घड्याळ आजच पुढे केले. मोठा काटा एक पुरा फेरा फिरवला. माय बाजूला उभी राहून पाहत होती. तिचे म्हणणे लिहितो. घड्याळ पुढं केल्यानं गाय लवकर दूध देते काय? सरकारनं कोंबड्याले कळवलं काय? आन मी सांगून ठेवतो, माहा नातू जनमंन ते खऱ्या टाइमावर. सरकारी टाइमानं नशीब नाही लिहायचं.

मी तिला समजावले, की पत्रिकेसाठी घड्याळातून एक तास वजा करायचा, की झाली खरी वेळ. शामकला हजर असेल, ती बिनचूक सांगेल. तिने मान डोलावली. तिच्या मान डोलावण्याचा अर्थ आपल्या दोघांना ठाऊक आहे, पण या वेळी ती खरेच पटल्यासारखी दिसली.

कुंता बरी आहे. पाय थोडे सुजतात. तू येणार म्हणून तिने तुझ्यासाठी खोली सारवून ठेवली. वाकू नको म्हटले तर ऐकत नाही.

हात भाजल्याचे मायला सांगितलेले नाही. तू आलीस की हात पदराखाली ठेव.

लोभ घड्याळासारखा पुढेच आहे.

तुझा भाऊ,
केवलराम


कामठा,
ता. १९ मार्च १९४३

चि. शामकला हिस, अनेक आशीर्वाद, वि. वि.

नऊ दिवस झाले. तुझे पत्र नाही. मी दोन पत्रे लिहून फाडली. हे पाठवतो.

कुंता आणि मुलगी दोघी चांगल्या आहेत. मुलगी रडते मोठ्याने. कुंता तिच्याकडे पाहत राहते, अजून तिला खरे वाटत नाही. हे तुझ्यामुळे झाले. ते मी कधी विसरणार नाही.

त्या दिवशी मी फाटकाशी दहापासून उभा होतो. अकरा झाले. साडेअकराला दार बंद झाले. पर्यवेक्षकांना मी हात जोडले. त्यांनी भिंतीवरचे घड्याळ दाखवले, दुसरे काय करणार. त्यानंतर खुशालची दमणी आली. तू उतरलीस, दाराकडे पाहिलेस आणि मला एवढेच म्हणालीस, की मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मग स्टेशनकडे चालू लागलीस. मी मागून हाक मारली. तू वळून सांगितलेस, की वहिनींना तीन दिवस उठू देऊ नका. तुझ्या तोंडावर मला काही वाचता आले नाही. लहानपणीही येत नव्हते.

घरी आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. ओसरीवर आलो आणि घड्याळ पाहिले. माझ्या मनगटावरचे आणि ते यांत एक तासाचे अंतर. मी मायला विचारले, घड्याळाला कुणी हात लावला. ती अभिमानाने म्हणाली, की मीच लावला. आदल्या दिवशी दिवेलागणीला कुंताला कळा सुरू झाल्या, तू आत होतीस, तेव्हा ती चौरंगावर चढली आणि मोठा काटा एक फेरा मागे फिरवला, मी पुढे फिरवताना तिने पाहिला होता तसाच. तिला आकडे वाचता येत नाहीत, पण फेरा मोजता येतो. मी म्हटले, वजा करायचे ठरले होते ना. तर म्हणाली, वजा करून आनलेला टाइम खरा कसा? पोरगी जनमली तवा घड्याळ खरं पायजे. तुला सांगितले का, असे विचारले. नाही. कायले सांगायचं, म्हणाली. तू कामात होतीस.

मी तिथेच बसलो. तिला पुढचे काही सांगितले नाही. तिला वाटते, की खुशालचे बैल नीट चालले नाहीत म्हणून तुझी परीक्षा गेली. खुशालला तिने दोनदा अंगणातच शिव्या दिल्या. तो बिचारा मान खाली घालून ऐकतो, कारण त्यालाही तसेच वाटू लागले आहे. मी काय करू, ते तू सांग.

आणखी एक आहे. पाचवीला पंडिताने पत्रिका केली. तू निघताना मायला वेळ सांगितली होतीस, साडेपाच. त्यावरून त्याने सांगितले, की मुलीच्या नशिबी मोठी विद्या आहे आणि ती घरापासून लांब जाऊन नाव काढील. माय गावभर सांगत फिरते आहे. मला मात्र आज वर्गात मुलांना वजाबाकी शिकवताना खडू हातातच राहिला. तू घड्याळ नव्या वेळेचे समजून त्यातून तास वजा केला असशील, तर साडेपाच चूक आहे. तसे असेल तर पत्रिका पुन्हा करून घ्यावी लागेल. खरी वेळ कळव.

तुझ्या लोभाविषयी विचारायला मला आज तोंड नाही. आमचा मात्र आहे.

तुझा,
केवलराम


दरेकसा,
ता. २८ मार्च १९४३

तीर्थरूप भाऊंस, शामकलेचा सा. न. वि. वि.

पत्र पोचले. पत्र लिहिण्यास उशीर केला, कारण काय झाले ते मला नीट कळल्याशिवाय लिहायचे नव्हते. तुमच्या पत्राने कळले. आता लिहिते.

मुलगी झाली तेव्हा घड्याळात साडेसहा झाले होते. मी ते साडेसहा नव्या वेळेचे समजले. आमचा नियम आहे, की बाळंतपणानंतर एक तास बाईजवळून हलायचे नाही. रक्तस्राव होतो तो त्या तासात. वहिनींचे आधी दोनदा जे झाले ते लक्षात घेता मी तो तास पूर्ण बसले. मला वाटले, तेवढा तास माझ्याजवळ आहे. मग हात धुऊन निघाले, तेव्हा घड्याळात सातच्या पुढे चाळीस मिनिटे होती. माझ्या हिशेबाने पाच मिनिटे हातात राखून.

मुलगी झाली तेव्हाच अंगणात कोवळे ऊन आले होते. ते मी पाहिले. नव्या वेळेने साडेसहाला या दिवसांत उजाडतही नाही, हे मला चांगले माहीत आहे. रात्रभर जागी होते, त्याच्या आदल्या रात्रीही झोप झाली नव्हती. मी ऊन पाहिले आणि घड्याळावर विश्वास ठेवला. मायने उलट केले असते. म्हणून हा दोष एकट्या मायचा समजू नये.

खरी वेळ मला कळली असती तर त्या तासाला बसायचे की निघायचे, हे मला ठरवावे लागले असते. तेव्हा मी काय केले असते, हे मी स्वतःला विचारलेले नाही. तुम्हीही विचारू नये.

मायला घड्याळाचे काही सांगू नये. तिला सांगून माझा पेपर परत येत नाही. पण खुशालवरचा आळ आजच्या आज काढावा. त्याचे बैल चांगले चालले. रस्त्यात त्याने मला उठवले नाही, कारण मी बसल्या बसल्या झोपले होते, आणि खाचखळगे चुकवून हाकले. मायला सांगावे, की शाळेचे दार लवकर बंद होते, बैलांचा त्यात संबंध नाही. हे पूर्ण खरे नाही, पण यात कुणाला शिव्या पडत नाहीत. दार शिव्या ऐकून घेईल.

शिष्यवृत्ती गेली, म्हणजे मेडिकल स्कूलही गेले. अर्ज फाडला. पुढच्या मार्चला मॅट्रिकला बसेन. त्याचा पुढे काही उपयोग दिसत नाही. पण भूमिती झालेली आहे आणि केलेले काम अर्धे सोडून देणे मला जमत नाही. इंग्रजीला एक वर्ष मिळाले, असे समजते. परवाच एका पहिलटकरणीकडे होते. वर्तुळ काढले. चौकोन आता न बघता बरोबर बसतो.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे. तुमचा तर्क बरोबर आहे. मी साडेसहातून तास वजा करून मायला साडेपाच सांगितले. घड्याळ आधीच जुन्या वेळेवर होते, म्हणजे मुलीची खरी वेळ जुन्या वेळेने साडेसहा. सरकारी जन्मनोंदीसाठी मी खरी वेळ दोन्ही प्रकारे लिहून पाठवली आहे. तिथे चूक राहणार नाही.

पत्रिका बदलू नये.

माझा पत्रिकेवर विश्वास नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मायचा आहे. विद्येचा योग माझ्या पत्रिकेत नव्हता, म्हणून मला शाळेत घालायला तुम्हाला तिच्याशी वर्षभर भांडावे लागले. या मुलीसाठी कुणाला भांडावे लागणार नाही. सहा वर्षांनी माय स्वतः तिचे बोट धरून तिला शाळेत नेईल. पुढे नागपूरला पाठवायची वेळ आली आणि कुणी आडवे आले, तर मायच त्याच्यापुढे ती पत्रिका उलगडून धरील. तेव्हा मी असेन किंवा नसेन, तुम्ही थकलेले असाल. ती पत्रिका थकणार नाही. आजपर्यंत मी एकही नोंद चुकीची ठेवलेली नाही. ही ठेवते आहे, आणि समजून ठेवते आहे.

वहिनींना सांगावे, की चाळीस दिवस विहिरीचे पाणी ओढू नये. मुलीचे वजन करायला मी अक्षय्य तृतीयेला येईन. घड्याळ मायला हवे तसे असू द्यावे. मी ऊन पाहीन.

हात बरा झाला. लोभाची तुम्हाला शंका आली, म्हणून मी तपासून पाहिला. जागेवर आहे.

तुमची धाकटी,
शामकला